खांद्याला २० टक्के, स्टंपला दोन सामने: शिक्षेचं हे गणित कुणी उलगडून सांगेल का?

पॉपिंग क्रीज

जुलै २०२५ च्या लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडच्या डकेटची विकेट काढल्यावर सिराज त्याच्या तोंडासमोर जाऊन ओरडला. १५ टक्के मॅच फी गेली आणि एक डिमेरिट पॉइंट, म्हणजे गैरवर्तनाचा काळा गुण, पडला. आदल्या संध्याकाळी इंग्लंडच्याच क्रॉलीने सगळ्या जगासमोर वेळ काढला, फिजिओ बोलावला, एकच ओव्हर खेळून आत गेला. त्याला काहीही नाही.

कोहलीने २०२४ च्या बॉक्सिंग डे कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या १९ वर्षांच्या कॉन्स्टासला खांदा मारला. २० टक्के आणि एक पॉइंट. आपल्या महिला संघाची कप्तान हरमनप्रीतने जुलै २०२३ मध्ये बांगलादेशात मीरपूरला स्टंपवर बॅट हाणली. कुणाच्या अंगाला बोटही लागलं नाही, तरी तिला ७५ टक्के, चार पॉइंट आणि दोन सामने बाहेर!

आमच्या ग्रुपवर यातून दोन सिद्धांत निघालेत. एक, आयसीसी गोऱ्यांची आहे. दोन, बाईला एक न्याय आणि बुवाला दुसरा. दोन्हीत तथ्य असेलही, पण भांडायच्या आधी नियम तरी माहीत हवा. म्हणून विचारतो:

शिक्षा नेमकी कोण ठरवतं? चार पॉइंटची भानगड काय आहे? टक्क्यांत कापतात म्हणजे रुपयांत किती? आणि क्रॉली सुटला कसा?

"सगळं पैशाचं आहे हो" छापाचे प्रतिसाद नकोत. ते ग्रुपवर भरपूर मिळतात.

---

थर्ड मॅन

क्रमाने घेऊ. आरोप लावतात ते सामन्याचे अंपायर: मैदानावरचे दोन, शिवाय तिसरा आणि चौथा. शिक्षा सुचवतो मॅच रेफ्री. खेळाडूने गुन्हा आणि शिक्षा दोन्ही मान्य केली तर सुनावणी होत नाही, प्रकरण तिथेच मिटतं. बातमीत शेवटी "सुनावणीची गरज भासली नाही" असं वाक्य असतं ते याचसाठी. कोहलीने रेफ्री अँडी पायक्रॉफ्टची शिक्षा मान्य केली, विषय संपला.

गुन्ह्यांच्या चार पायऱ्या आहेत. लेव्हल १ मध्ये नुसत्या समजेपासून ५० टक्के मॅच फीपर्यंत, आणि १ किंवा २ डिमेरिट पॉइंट. लेव्हल २ मध्ये दंड ५० ते १०० टक्के, पॉइंट ३ किंवा ४. लेव्हल ३ आणि ४ म्हणजे थेट निलंबन. तिथे टक्केवारीची चर्चाच उरत नाही.

डिमेरिट पॉइंट २४ महिने खात्यावर राहतात. त्या मुदतीत चार जमले की त्यांचे दोन निलंबन पॉइंट होतात. दोन निलंबन पॉइंट म्हणजे एक कसोटी, किंवा दोन वनडे, किंवा दोन टी-२०, यातलं जे आधी येईल ते. "जे आधी येईल ते" हे शब्द लक्षात ठेवा, हरमनप्रीतच्या बाबतीत सगळं त्यावरच फिरलं.

तिचं प्रकरण लोक एकच धरतात. ते दोन होते. झेलबाद दिल्यावर स्टंपवर बॅट मारली ती अंपायरच्या निर्णयाविरुद्धची नाराजी, लेव्हल २: ५० टक्के आणि ३ पॉइंट. सामना संपल्यावर बक्षीस समारंभात अंपायरिंगवर जाहीर टीका केली तो वेगळा गुन्हा, लेव्हल १: २५ टक्के आणि १ पॉइंट. बेरीज ७५ टक्के आणि ४.

म्हणजे बॅटने तीन, तोंडाने एक. माइकसमोर "अंपायरिंगबद्दल मला काही बोलायचं नाही" एवढं म्हणून ती निघून गेली असती, तर तीनवर थांबली असती आणि एकही सामना चुकला नसता. "स्टंप मोडला म्हणून बंदी" हे आपल्याकडे अजून ऐकू येतं. ते अर्धवट आहे.

त्यानंतर भारतीय महिला संघाचे पुढचे सामने आले हांगझोच्या आशियाई खेळांत, टी-२०. भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत होता. मलेशियाविरुद्धच्या त्या सामन्यात भारताच्या १५ ओव्हर झाल्या, मलेशियाला दोनच चेंडू खेळायला मिळाले आणि पावसाने खेळ संपवला. तरी बंदीचा एक सामना भरला. दुसरा उपांत्य सामना, तोही बांगलादेशशीच. स्मृतीने दोन्हीत कप्तानी केली. अंतिम सामन्याला हरमनप्रीत परत आली आणि श्रीलंकेला १९ धावांनी हरवून सुवर्ण मिळालं. मलेशियाच्या जागी अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी समोर असता तर हीच चार पॉइंटची बेरीज किती महागात गेली असती याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता रुपये. बीसीसीआयची मॅच फी कसोटीला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. ऑक्टोबर २०२२ पासून महिलांनाही तेवढीच. त्या हिशेबाने कोहलीचे ३ लाख, सिराजचे लॉर्ड्सचे सव्वादोन लाख, हरमनप्रीतचे साडेचार लाख. वार्षिक कराराच्या रकमेला याने धक्का लागत नाही. कोहलीला ३ लाखांनी काय होणार हा प्रश्न रास्त आहे, पण खेळाडू पैशाला फारसा भीत नाही. भीतो तो पॉइंटला.

क्रॉली: फलंदाजाने वेळ काढला तर त्याला वेगळा कायदा आहे, ४१.१०. पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलं तर समोरच्या संघाला ५ धावा. हा निर्णय अंपायरने तिथल्या तिथे घ्यायचा असतो. आणि फलंदाज "लागलं" म्हणाला की फिजिओला अडवायला कुठलाच अंपायर धजत नाही. पळवाट तीच आहे आणि सगळे संघ ती वापरतात, आपलेही. इंग्लंड मात्र कोरडं सुटलेलं नाही. त्याच सामन्यात ओव्हर गती कमी पडली म्हणून सगळ्या संघाची १० टक्के मॅच फी गेली आणि वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपचे २ गुण कापले.

---

पॉपिंग क्रीज

बॅटने तीन, तोंडाने एक! हे इतकं सरळ कुणी का सांगत नाही?

पण खांद्याचा प्रश्न उरलाच. अंगाला अंग लावणं हे स्टंपला बॅट लावण्यापेक्षा हलकं कसं?

---

लेग स्लिप

हलकं नाही. आयसीसीच्या आचारसंहितेत अंगाला अंग लागण्याचं कलम २.१२ आहे. त्यात मुद्दाम, बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे, तिन्ही प्रकारे धडकणं गुन्हाच. लेव्हल ठरवताना मात्र चार गोष्टी बघतात: टाळता आलं असतं का, जोर किती होता, इजा झाली का, आणि समोर कोण होतं. कॉन्स्टासला इजा नाही, तो पुढचा चेंडू खेळायला उभा. म्हणून लेव्हल १. माझ्या मते ते कमी होतं. कोहली पिचच्या पलीकडून रेघ वाकडी करून त्याच्या वाटेत आला हे रिप्लेत स्वच्छ दिसतं. पण दोन पॉइंट दिले असते तरी बंदी आली नसतीच.

याच कलमाचा मोठा दाखला दक्षिण आफ्रिकेच्या रबाडाचा. मार्च २०१८, पोर्ट एलिझाबेथ. ऑस्ट्रेलियाचा कप्तान स्टीव्ह स्मिथला बाद केल्यावर खांद्याला खांदा लागला. रेफ्रीने लेव्हल २ धरून ३ पॉइंट दिले. त्याच्या खात्यावर आधीचे होतेच, बेरीज आठावर गेली आणि आठ म्हणजे दोन कसोट्या बाहेर. त्याने अपील केलं. न्यूझीलंडचे वकील मायकल हेरन यांच्यापुढे सुनावणी झाली आणि धक्का मुद्दाम होता हे पुरेसं सिद्ध होत नाही असं ठरलं. शिक्षा २५ टक्के आणि १ पॉइंटवर आली. रबाडा केप टाउनला खेळला.

तेव्हा अन्याय झाला म्हणून स्मिथचे चाहते पेटले होते. त्याच केप टाउन कसोटीत ऑस्ट्रेलियाकडे चेंडू घासायचा सँडपेपर निघाला. आयसीसीने स्मिथला एक कसोटी बाहेर बसवलं, त्याच्या स्वतःच्या बोर्डाने स्मिथ-वॉर्नरला १२ महिने आणि बँक्रॉफ्टला ९ महिने. घरचा मार बाहेरच्यापेक्षा जास्त बसू शकतो.

"गोऱ्यांची आयसीसी" म्हणणाऱ्यांनी अ‍ॅडलेड २०२४ सुद्धा नीट वाचावं. सिराज आणि ऑस्ट्रेलियाचा हेड दोघांनाही एकेक पॉइंट मिळाला. फरक पैशात: सिराजचे २० टक्के गेले, हेडचे शून्य. कारण कलमं वेगळी. सिराजवर २.५, म्हणजे बाद झालेल्या फलंदाजाला डिवचणं. हेडवर २.१३, शिवीगाळीचं. सिराजचा हा रोग जुना आहे. लॉर्ड्सला पुन्हा तेच २.५. बाद झालेला माणूस परत जाताना काही करू शकत नाही, म्हणूनच त्याला खिजवणं वेगळं कलम करून ठेवलंय. स्टंपकडे बघून, आभाळाकडे बघून, स्वतःच्या संघाकडे बघून हवं तेवढं ओरडा, कुणी विचारत नाही. चार पावलं फलंदाजाच्या अंगावर गेलात की पॉइंट.

जडेजाचं खातं तर शिकण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०१६ ला इंदूरमध्ये पिचच्या राखीव पट्ट्यातून धावला, ३ पॉइंट. ऑगस्ट २०१७ ला कोलंबोत श्रीलंकेचा पुष्पकुमारा क्रीझमध्ये असताना चेंडू त्याच्या दिशेने फेकला, आणखी ३. झाले सहा. त्या कोलंबो कसोटीचा सामनावीर तोच होता, आणि पुढच्या पल्लेकेले कसोटीत तोच बाहेर. दहा महिन्यांपूर्वीचं पिचवरून धावणं कुणाच्या लक्षात होतं?

---

सुपरओव्हर_संभाजीनगर

आयपीएलचं खातं वेगळं असतं हेही सांगून ठेवतो, नाहीतर लोक दोन्हीकडचे पॉइंट एकत्र मोजतात.

ताजं उदाहरण २०२५ चं, लखनौचा दिग्वेश राठी. विकेट घेतली की हाताच्या वहीत नाव लिहिल्याची खूण. प्रियांश आर्यला बाद केल्यावर २५ टक्के, १ पॉइंट. लगेच पुढे नमन धीरला तेच: ५० टक्के, २ पॉइंट. त्यानंतर अभिषेक शर्माशी वाजलं: ५० टक्के, २ पॉइंट. एकूण पाच, एक सामना बाहेर. लिलावात त्याला मिळाले होते ३० लाख. ७.५ लाखांच्या मॅच फीवर धरलं तर एकूण १२५ टक्के म्हणजे नऊ लाख सदतीस हजारांच्या घरात. वही फारच महाग पडली पोराला.

यात चूक कुठे झाली बघा. पहिल्या दंडानंतर त्याने पद्धत बदलायला हवी होती, कारण तीच कृती दुसऱ्यांदा केली की रेफ्री वरच्या आकड्याला जातो. लेव्हल १ ला रेफ्रीचा शब्द अंतिम असतो, वर दाद मागायची सोय नाही. अभिषेकलाही २५ टक्के आणि १ पॉइंट बसलाच, पण त्याच्या बातम्या कुणी वाचल्या?

---

खडूस

रेफ्रीपर्यंत जायच्या आत कप्तानाने करायचं एक काम असतं. त्याचं उदाहरण या धाग्यात हवंच.

सप्टेंबर २०२२, कोइमतूर, दुलीप करंडकाची फायनल, पश्चिम विरुद्ध दक्षिण विभाग. शेवटचा दिवस. यशस्वी जैस्वाल फलंदाजाच्या अगदी जवळ उभा राहून रवी तेजाला सतत बोलत होता. अंपायरने समज दिली, तरी चालूच. शेवटी अजिंक्य रहाणेने त्याला मैदानाबाहेर काढलं. यशस्वीने त्याच सामन्यात २६५ केले होते, तरीही.

आता तपशील. दुखापत किंवा तसंच मान्य कारण असल्याशिवाय बदली क्षेत्ररक्षक मिळत नाही. कप्तानाने शिस्तीसाठी हाकललेला खेळाडू त्यात बसत नाही. म्हणून पश्चिम विभाग तेवढा वेळ दहा जणांवर खेळला. थोड्या ओव्हर गेल्यावर यशस्वी परत आला आणि सामना पश्चिमने २९४ धावांनी जिंकला. रहाणे नसता बोलला तर अंपायर ५ धावांपर्यंत गेले असते.

कारण २०१७ पासून एमसीसीच्या, म्हणजे क्रिकेटचे कायदे करणाऱ्या लॉर्ड्सच्या क्लबच्या, कायद्यांत ४२ वा कायदा त्यासाठीच आहे. साध्या गैरवर्तनाला ताकीद, पुन्हा केलं तर ५ धावा. त्याच्या वरच्या पायरीला थेट ५ धावा. तिसऱ्या पायरीला खेळाडू ठरावीक ओव्हर बाहेर: मर्यादित षटकांच्या सामन्यात डावाच्या एक पंचमांश, इतर सामन्यांत १०. चौथ्या पायरीला उरलेला पूर्ण सामना बाहेर. क्लबच्या सामन्यात अंपायर करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा कायदा आपल्याला लागू आहे हेच ठाऊक नसतं. मग शिवीगाळ झाली की ते दोन्ही कप्तानांना बोलावून "जाऊ द्या हो" करतात. नोंद होत नाही आणि पुढच्या रविवारी तोच माणूस तेच करतो.

---

लाल माती

सगळं क्रिकेटच चाललंय, म्हणून एक कुस्तीचं.

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. गादी (मॅट) विभागाच्या लढतीत पंचांनी शिवराज राक्षेला चितपट दिलं, पृथ्वीराज मोहोळ जिंकला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असं शिवराजचं म्हणणं. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढे मोहोळविरुद्धच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड शेवटची काही सेकंदं उरली असताना गुणावरून वाद घालून मॅट सोडून गेला. दोघांनाही तीन वर्षं बंदी. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल, आणि ऐन भरातली तीन वर्षं.

क्रिकेटच्या टक्क्यांशी याची तुलना करू नका, इथे मॅच फी नाही. पैलवानाचं चलन म्हणजे वय आणि खुराक. तीन वर्षं आखाडा बंद म्हटल्यावर दूध, बदाम, तूप, मालीश हे सगळं चालूच ठेवायचं आणि लढायचं मात्र नाही.

चितपटाचा नियम असा: दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला लागलेले हवेत आणि पंचाला पूर्ण ताबा दिसेल इतका वेळ तसे धरलेले हवेत. नुसता ओझरता स्पर्श पुरत नाही. मॅटवरचा पंच, बाजूचा जज आणि मॅट चेअरमन असे तिघे असतात, पंचाची एकट्याची शिट्टी अंतिम नसते. गुणाबद्दल शंका असेल तर कोपऱ्यातला प्रशिक्षक स्पंज मॅटवर टाकून दाद मागतो. दाद फेटाळली तर एक गुण समोरच्याला जातो. एकदा विजेत्याचा हात वर केला की जागतिक संघटनेच्या नियमाने निकाल बदलत नाही, व्हिडिओत काहीही दिसो.

म्हणजे जे काय भांडायचं ते हात वर व्हायच्या आत, आणि भांडायचं ते कोपऱ्याने. मल्लाने नाही. त्या दिवशी सोशल मीडियावर अर्धा महाराष्ट्र "खांदा टेकला नव्हता" यावर लाथेचं समर्थन करत होता. खांदा टेकला नसेलही. लाथेचा निकाल त्याने लागत नाही, ते दोन वेगळे कागद आहेत. थर्ड मॅन यांनी हरमनप्रीतचे दोन गुन्हे वेगळे केले, अगदी तसेच.

---

नॉर्थ स्टँड

चाहत्यांना सगळ्यात जास्त राग ज्या गोष्टींचा येतो त्यांना बहुतेक वेळा शून्य पॉइंट असतात, हे इथे कुणी लिहिलं नाही. दीप्तीने लॉर्ड्सवर इंग्लंडच्या चार्ली डीनला, चेंडू टाकायच्या आत क्रीझ सोडली म्हणून, नॉनस्ट्रायकरकडे धावबाद केलं: शून्य. बांगलादेशच्या शकिबने दिल्लीत श्रीलंकेच्या मॅथ्यूजला टाइम्ड आउट, म्हणजे वेळेत खेळायला तयार नाही म्हणून बाद, मागितलं: शून्य. ऑस्ट्रेलियाच्या कॅरीने लॉर्ड्सवर इंग्लंडच्या बेअरस्टोला यष्टिचीत केलं: शून्य. ही सगळी बाद करण्याची कायदेशीर रूपं आहेत, वर्तनाचा गुन्हा नाहीच. मॅथ्यूजला तर वर्ल्ड कपच्या नियमाने दोन मिनिटं होती. हेल्मेटचा पट्टा तुटला हे खरं, पण पट्टा तुटल्याची सवलत कायद्यात लिहिलेली नाही. बेअरस्टो प्रकरणात शिक्षा झाली ती प्रेक्षकांनाच. लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये (खेळाडू जिथून मैदानात जातात तो हॉल) ऑस्ट्रेलियन खेळाडूंशी हुज्जत घातली म्हणून एमसीसीने आपले तीन सदस्य निलंबित केले.

आणि हार्दिक. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीला त्याचं नाव घेतलं आणि सगळं मैदान हूऽऽ करून उठलं. नाणेफेक घेणाऱ्या मांजरेकरला माइकवरून "नीट वागा" म्हणावं लागलं. त्याचा गुन्हा काय, तर मुंबई इंडियन्सने रोहितच्या जागी त्याला कप्तान केलं. आचारसंहितेच्या कुठल्याही कलमात हे बसत नाही. ४ जुलैला, वर्ल्ड कप घेऊन संघ आला तेव्हा त्याच वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक". बार्बाडोसच्या फायनलची शेवटची ओव्हर त्याने टाकली होती ना.

हूटिंग नियमात बसतं. वंश, रंग, धर्म यावरून बोललं की ते हूटिंग राहत नाही. जानेवारी २०२१ ला सिडनीत सिराजने तक्रार केल्यावर खेळ थांबला आणि सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. असं ऐकू आलं तर खेळाडूने चेंडू टाकायचा थांबवायचा, कप्तानामार्फत अंपायरला सांगायचं आणि बोट दाखवून स्टँड दाखवायचा. सिराजने नेमकं हेच केलं. इथे वर ज्याचा रोग जुना म्हणून नाव आलंय, तोच हा सिराज.

---

पॉपिंग क्रीज

मंडळी, फार उपयोग झाला. ग्रुपवर "बॅटने तीन, तोंडाने एक" टाकलं, अजून कुणी उलटा बोललेला नाही.

शेवटचं एक. सिराजच्या खात्यावर आता दोन झाले. ते एकदमच पुसले जातात का?

---

थर्ड मॅन

नाही, प्रत्येक पॉइंटची मुदत स्वतंत्र चालते. अ‍ॅडलेडचा डिसेंबर २०२४ मधला, तो डिसेंबर २०२६ ला जाईल. लॉर्ड्सचा जुलै २०२७ ला. म्हणजे डिसेंबर २०२६ च्या आत आणखी दोन पडले तर चार होतील आणि एक कसोटी गेली. लेव्हल २ चा एकच गुन्हा झाला तरी तीन पॉइंट, म्हणजे थेट पाच. त्याला एखादा फलंदाज आवडेनासा झाला तर हे कुणीतरी मिडऑनवरून ओरडून सांगायला हवं.